सहा बाइटांचा मानकरी

नेटवर्क कार्डाच्या पोटातून त्याचा मॅक पत्ता काढून आणायचा, हे माझं काम. लग्नकार्यात कुणी "सध्या काय करता?" असं विचारलं, की मी ते अशा काही खालच्या पट्टीत सांगतो, की ऐकणाऱ्याला वाटावं इस्रोचं माझ्यावाचून अडलंय. प्रत्यक्षात पत्ता सहा बाइटांचा. इंटेलच्या जुन्या गिगाबिट कार्डांत तो ईईप्रॉमच्या पहिल्या तीन शब्दांतच असतो. शब्द सोळा बिटांचा, धाकटा बाइट आधी. ड्रायव्हरनं रजिस्टरात शब्दाचा क्रमांक लिहायचा, 'झालं' म्हणणारा बिट वर येईपर्यंत थांबायचं आणि उत्तर उचलायचं. असं तीनदा केलं की संपलं. बायकोला हे सगळं समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "मग तुला रोज एवढा उशीर का होतो?"

होतो, कारण वाचलेलं खरं मानायचं नसतं. पहिल्या ६४ शब्दांची बेरीज, सोळा बिटांत बसेल तेवढीच धरून, ४७८०२ यावी लागते. ही संख्या सोळाच्या पायात मांडली की बी, ए, बी, ए अशी दिसते. बेरीज चुकली की ड्रायव्हर हात वर करतो आणि मी पडद्याकडे बघून जे म्हणतो, त्यातही एक 'बाबा' असतोच. एनव्हिडियाच्या एनफोर्स चिपसेटची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे पत्ता उलट्या क्रमानं मिळायचा, म्हणून ड्रायव्हर तो सुलटा करायचा. पुढे सुलटे पत्ते देणाऱ्या चिप आल्या, तेव्हा 'याचा आधीच सुलटा आहे' अशी खूण ड्रायव्हरमध्ये ठेवावी लागली.

आता २००८ सालची गोष्ट सांगतोच. घरात मी ती सुरू केली की मुलगी दप्तर भरायला उठते, रविवार असला तरी.

त्या सप्टेंबरात लिनक्स कर्नल २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्यांची इंटेल कार्डं मरू लागली. ईईप्रॉमसारखी जी कायमची मेमरी, तिच्यातलाच मजकूर बिघडायचा. मशीन बंद करून चालू केलं तरी कार्ड उठत नसे. शिव्या खात होता ई१०००ई हा नेटवर्क ड्रायव्हर. ऑक्टोबरात खरा गुन्हेगार सापडला: एफट्रेस. कर्नलमधल्या फंक्शनांचा माग काढणारं हे साधन. नेटवर्कशी त्याचा काडीचा संबंध नाही. कोणतं फंक्शन मेमरीत कुठे आहे हे ते टिपून ठेवायचं आणि मागाहून तिथला कोड बदलायचं. मधल्या काळात तो कोड काढून टाकलेला आणि त्याच पत्त्यावर कार्डाची मेमरी येऊन बसलेली. बरं, एफट्रेस बेसावध होतं असंही नाही. 'तिथे अपेक्षित बाइट असतील तरच बदल' अशी प्रोसेसरची सूचना ते वापरायचं. पण ती सूचना, बाइट जुळले नाहीत तरी, जे वाचलं तेच परत लिहिते. रॅमला त्याचं काही वाटत नाही. कार्डाच्या मेमरीला तेवढं पुरलं.

हसू नका, पण त्या ड्रायव्हरबद्दल माझा जीव तुटतो. माझे वडील कॅशियर होते. हिशेबात तूट आली की चूक कुणाचीही असो, पहिली नजर त्यांच्या खिडकीकडे जायची. तूट सापडायची, नजरेबद्दल कुणी काही बोलायचं नाही. त्या संध्याकाळी ते चहा घेत नसत.

माझा खरा राग आहे तो बोर्डावर ईईप्रॉम बसवून तो कोरा पाठवणाऱ्यांवर. वाचायला जावं तर सगळीकडे एफएफ. तो सगळ्यांना एकदम हाक मारायचा पत्ता, कुणा एकाला घेता येत नाही. मग बरेच ड्रायव्हर मनानंच एक पत्ता ठोकून देतात, पण पहिल्या बाइटमधला एक बिट चढवून कबूल करतात, की हा आयईईईनं वाटलेल्यांतला नाही, माझा मीच घेतलाय. एवढा प्रामाणिकपणा लग्नकार्यातल्या माझ्या उत्तरात नाही. तुमच्या फोनचा वायफाय पत्ता काढून बघा. डावीकडून दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल, तर त्यानंही हेच केलंय. फोन ते मुद्दाम करतो, कुणी माग काढू नये म्हणून. बोर्डाला मात्र ओळख हवी असते. तो दर वेळी सुरू होताना नवा पत्ता सांगतो, राउटर त्याला नवा पाहुणा समजून नवा आयपी देतो, आणि "कालपर्यंत चालत होतं" असा फोन मला येतो.

बोर्ड बनवणाऱ्यांना हात जोडून विनंती: माल कारखान्यातून निघण्याआधी ते सहा बाइट लिहा, बेरीज लावून बघा. आणि सगळ्या बोर्डांवर एकच पत्ता छापू नका. तेही पाहून झालंय.