पाहुण्यांच्या न्हाणीघराचे सौंदर्यशास्त्र

मुंबई-पुण्याच्या सदनिकांमध्ये पाहुण्यांचे न्हाणीघर जेमतेम 4 फूट रुंद व 7 फूट लांब असते, आणि घरमालकाच्या अंगातील सारे कलात्मक धाडस याच 28 चौरस फुटांत उरकावे, असा गृहसजावटीचा दंडक अलीकडे रूढ झालेला दिसतो. भडकपणा सोसण्याचे काम तेथे पाहुण्याकडे जाते, हे त्यामागील व्यावहारिक कारण असावे. भिंतींना काळ्याभोर टाइल्स लागतात, ज्यांवर बोअरवेलचे जड पाणी, म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असलेले पाणी, लवकरच आपली पांढरी नक्षी काढू लागते. उरलेल्या भिंतीवर बेव्हर्ली हिल्स हॉटेलमुळे प्रसिद्ध झालेल्या केळीच्या पानांच्या वॉलपेपरची नक्कल चिकटवली जाते (कोकणात न्हाणीच्या सांडपाण्यावर खरी केळ फुकट वाढत असे, पण तिला डिझायनर नव्हता). या सर्व वैभवाखाली असतो ब्रिकबॅट कोबा, अर्थात विटांचे तुकडे व सिमेंट यांचा जलरोधक थर. तो डोळ्यांना दिसत नसल्यामुळे त्यावरचा खर्च अंदाजपत्रकातून प्रथम वगळला जातो, आणि नूतनीकरणाचा सर्वांत ठळक आविष्कार कालांतराने खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या छतावर उमटतो.