शंभर नावांची वही

पहिल्या पानावर ध्येय लिहायचं आणि दुसऱ्या पानापासून ओळखीच्या शंभर माणसांची नावं. सावंतवाडीच्या एका हॉलमध्ये, नेटवर्क मार्केटिंगच्या सभेत हा आदेश झाला तेव्हा मे महिना होता आणि टाय बांधलेल्या वक्त्याच्या घामाकडे पाहून मला आधी त्याची दयाच आली. ध्येयाला तारीख हवी, आकडा हवा, फोटो हवा, असं तो बजावत होता. मुहूर्त, देणंघेणं आणि फोटो! हे ध्येय कसलं, हे तर सांगून आलेलं स्थळच. मी जुन्या कॅलेंडरावरची लाल मोटार कापली आणि आरोंद्याला येऊन माजघराच्या भिंतीवर भाताच्या शितांनी चिकटवली. मृग लागला तशी भिंत ओल धरू लागली, मोटारीचा एक कोपरा सुटला आणि तिच्या मागे पालीने बिऱ्हाड केलं. रोज सकाळी ध्येय मोठ्याने वाचायचं, हा नेम होता. मी वाचायचो आणि बरोब्बर त्या क्षणी ती चुकचुकायची. शंकेची पाल इतरांच्या मनात चुकचुकते. आमच्याकडे ती भाडं न देता ध्येयाच्या पाठीमागेच राहायची.

धंद्याचा हिशेब असा: एकाने सहा माणसं आणायची, त्या सहांनी प्रत्येकी सहा. पावसाच्या एका लांबलचक दुपारी मी वहीच्या मागच्या पानावर हा गुणाकार करत बसलो. पागोळ्यांसारखे आकडे पडू लागले. आठव्या पायरीवर 16,79,616. पुढे 2011 च्या जनगणनेत आमचा सिंधुदुर्ग जिल्हा भरला 8,49,651. म्हणजे तान्ह्या पोरापासून दशावतारातल्या संकासुरापर्यंत सगळे आले असते, तरी माझी आठवी पायरी अर्धीच राहिली असती. तेराव्या पायरीला 1306 कोटी झाले. सगळ्या जगाची माणसं आजही 800 कोटींच्या आसपास. तेराव्याला जगाचंच तेरावं! नुसती माणसं जोडून पैसे फिरवण्याच्या योजनांवर 1978 सालीच कायद्याने बंदी आली आणि पुढे थेट विक्रीच्या नावाखाली पिरॅमिड उभारायला डिसेंबर 2021 च्या नियमांनी मनाई केली. पण ‘आपलं त्यातलं नव्हे, आपल्याकडे वस्तू आहे,’ हे वाक्य वक्त्याने इतक्यांदा म्हटलं होतं, की त्यालाही कुठेतरी पाल दिसत असावी.

नावांचं मात्र अवघड झालं. वक्ता म्हणाला होता, धंदा परराज्यात न्या. आमचं परराज्य म्हणजे तेरेखोलच्या खाडीपलीकडचं किरणपाणी. तिथल्या माडांच्या झावळ्या आमच्या अंगणातून दिसतात. मी नाव लिहायला घ्यायचो आणि नावामागून माणूस चालत यायचा. ह्याने मला पाग फेकायला शिकवलं. हिच्या आंब्याखाली मी चोर म्हणून सापडलो आणि शिक्षा म्हणून मला आणखी दोन आंबे मिळाले. आता ह्यांना ‘डाऊनलाइन’ म्हणायचं, म्हणजे ज्यांच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली त्यांना पायरी म्हणण्यासारखंच होतं. एक्केचाळिसाव्या नावाला पेन थांबलं. रापणीच्या दोरीला हात लावला, तर उपऱ्यालासुद्धा चार बांगडे मिळतात. माझ्या जाळ्यात मात्र हात लावणाराच मासा होता.

तरी एकदा धीर करून काकीकडे प्लॅन दाखवायला गेलो. खळ्यात बसून मी वर्तुळं काढली, वर्तुळांना रेघा जोडल्या, ‘डायमंड’ पदापर्यंत पोचलो. काकी सुपारी कातरत शांतपणे ऐकत होती. सगळं झाल्यावर तिने विचारलं, “बस मरे, चाय घेतलंस?” चहा झाल्यावर म्हणाली, “माका ह्या काय समाजणा नाय. तुका फायदो होता असात तर दोन डबे दी.”

प्रोटीन पावडरीचे दोन डबे घेऊन तिने नारळांचे पैसे माझ्या हातात मोजले. ते घेताना माझी बोटं थोडी थांबली, पण घेतले. त्या पावसाळ्यानंतर मोटार भिंतीवरून गळून पडली आणि पाल शेजारच्या दत्ताच्या तसबिरीमागे राहायला गेली. एका डब्यात काकी पुढे कितीतरी वर्षं कुळीथ ठेवायची. दुसरा, ती गेल्यावर माळा आवरताना सापडला. त्याचं सील तसंच शाबूत होतं.