करार झाला, पुढे काय? (मौनी प्रकाशकाशी वागण्याची शास्त्रोक्त पद्धत)

अभिनंदन! करारावर सही झाली, पेढे वाटून झाले, मेहुण्याने ‘मग, पुस्तक कधी?’ असे विचारूनही झाले. आता प्रकाशकाचा फोन लागत नाही. घाबरू नये. सगळे नियमाप्रमाणे चालू आहे.

फोन करायचाच तर कार्यालयातल्या लँडलाइनवर करावा. तो उचलणाऱ्या काकांना सगळ्या जगाची खबर असते, फक्त तुमच्या पुस्तकाची नसते. ‘सर बाहेरगावी गेलेत,’ असे ते सांगत असताना मागून सरांचा खोकला ऐकू येईल. तो ऐकलाच नाही असे दाखवावे. ‘काका, निरोप द्याल ना?’ ‘देतो की. नाव काय म्हणालात?’ नाव तुम्ही बोलण्याच्या सुरुवातीलाच सांगितलेले असते. तरी पुन्हा सांगावे, आडनावासकट आणि हसतमुखाने. काका दुखावले की संपले.

व्हॉट्सअॅपवर संदेश धाडून निळ्या खुणांची वाट पाहत बसू नये, त्या सरांनी केव्हाच बंद करून ठेवलेल्या असतात. सरांचे स्टेटस मात्र रोज पाहावे. तिथे दुसऱ्याच कुणाच्या तरी प्रकाशन समारंभाचे फोटो असतात आणि शाल कुणाच्या खांद्यावर पडली हे कळते. तुमच्या निरोपाला कधी जोडलेल्या हातांचे चित्र आलेच, तर ती फक्त पोच समजावी.

यानंतर प्रकाशकांचे पंचांग पाठ करून घ्यावे, कारण तुमच्या पुस्तकाचा मुहूर्त त्यातून काढायचा आहे. जानेवारी-फेब्रुवारीत साहित्य संमेलनाचा स्टॉल असतो, पाठोपाठ 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. मार्चमध्ये मार्च एंड. 23 एप्रिलला जागतिक पुस्तक दिन, त्या दिवशी सर वाचनसंस्कृतीवर भाषण देत असतात, त्यामुळे पुस्तकाचे बोलणे बरे दिसत नाही. मे महिन्यात बाइंडरची माणसे गावाला जातात. जूनमध्ये शाळा उघडतात, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते आणि छापखाना गाइडे छापण्यात गुंतलेला. जुलैत हवा दमट, कागद फुगतो. मग गणपती येतात. गणपती गेले की पितृपक्ष, आणि पितृपक्षात नवे काम कोण काढतो? त्यानंतर दिवाळी अंक. दिवाळीनंतर वसुली. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव, तिथे सर चार तास उभे असतात, पण तुमच्याकडे पाठ करून. राहिला अधिक मास. तो तीन वर्षांतून एकदा येतो आणि त्याला मलमास म्हणतात, तेव्हा तोही बाद.

पंचांग पाठ झाले की प्रत्यक्ष भेटीला जावे. आधी कळवू नये. सरांच्या टेबलावर तुमची संहिता नजरेने शोधू नये. ज्या गठ्ठ्यावर चहाचा कप ठेवलेला असतो तो बहुधा तुमचाच, आणि कपाच्या बुडाचे तपकिरी वर्तुळ अर्पणपत्रिकेवर उमटलेले दिसेल. ‘डीटीपीला टाकलंय,’ असे सर म्हणतील. मान डोलवावी. ‘मुखपृष्ठाचं बघतोय,’ असेही म्हणतील. चित्रकाराचे मागचे पैसे बाकी आहेत, हे तुम्हाला चित्रकाराकडूनच कळलेले असते, ते बोलून दाखवू नये. ‘ग्रंथालयांच्या ऑर्डरी सुटू द्या,’ हे मात्र सर मनापासून बोलतात. मराठी पुस्तकाची हजाराची आवृत्ती आता पाचशेवर, काही ठिकाणी तीनशेवर आली आहे. त्यातल्या बऱ्याच प्रती ग्रंथालयांनी उचलायच्या, आणि ग्रंथालयांची खरेदी सरकारी अनुदानावर अवलंबून. ते येते हप्त्यांनी, बहुतेकदा उशिरा. कागदवाला मात्र रोख मागतो. एवढ्यापुरती सरांची दया आली तर येऊ द्यावी. पण हे सगळे त्यांना सही करतानाही ठाऊक होते, हेही लक्षात ठेवावे.

एवढे करूनही हाती काही लागले नाही, तर कपाटातून करार काढावा आणि पहिल्यांदाच वाचावा. शेजारी 1957चा कॉपीराइट कायदा ठेवावा. त्यातले कलम 19 लेखकांनी पोथीसारखे वाचावे असे आहे. हक्क घेतल्यापासून वर्षभरात प्रकाशकाने ते वापरलेच नाहीत, तर ते हस्तांतरण रद्द झाल्याचे मानले जाते. कराराची मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. वर्षाची अट लागू होते ती करारात वेगळे काही ठरलेले नसेल तरच. आणि वेगळे ठरलेले असतेच. ‘प्रकाशकाच्या सोयीनुसार’ हे दोन शब्द सातव्या-आठव्या कलमात बारीक टाइपात बसलेले सापडतील. खाली तुमची झोकदार सही.

तरी धीर सोडू नये. संहिता कोणत्या तारखेला दिली, कुणी घेतली आणि उत्तरासाठी किती दिवस थांबणार, एवढेच लिहून एक साधे पत्र टाकावे. भावना, तपश्चर्या आणि सरस्वती वगळावी. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवावी. एरवी वर्षभर बाहेरगावी असलेले सर असे पत्र मिळाल्यावर दोन दिवसांत गावात परततात, असा अनेक लेखकांचा अनुभव आहे. ‘अहो, तुमचंच काम चालू होतं!’ असे ते म्हणतील. वाद घालू नये, तारीख मागावी आणि ती लेखी मागावी.

ज्यांची सही अजून व्हायची आहे, त्यांना वरचे काहीच करावे लागू नये. ‘संहिता मिळाल्यापासून बारा महिन्यांत पुस्तक प्रसिद्ध न झाल्यास सर्व हक्क आपोआप लेखकाकडे परत येतील,’ एवढे वाक्य करारात घालून घ्या. सर नको म्हणाले तर संहिता पिशवीत घाला आणि निघा. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास प्रकाशकांना तोटा नाही.