हवेतला एक तास

जालना एमआयडीसीत अंतर किलोमीटरमध्ये फारसं कोणी सांगत नाही. ट्रकवाला ते डिझेलमध्ये सांगतो, रोलिंग मिलचा मालक टनामागच्या भाड्यात सांगतो, आणि बिहारहून भट्टीवर कामाला आलेला कामगार रात्रींमध्ये सांगतो. किलोमीटर उरलेत ते रस्त्याकडेच्या दगडांवर.

या सगळ्यांना गप्प करतो तो विमानाने जाणारा. ‘मुंबई? एक तास!’ एवढं बोलून तो चहाचा घोट घेतो आणि टपरीवरचे बाकीचे आपापल्या कपात बघतात. चिकलठाण्याचं विमानतळ जालना रोडवर, म्हणजे छत्रपती संभाजीनगर शहराच्या आमच्या अंगाला. त्यामुळे ते मूळचं आपलंच, अशी जालनेकराची ठाम समजूत आहे.

तो तास जरा मोजून पाहावा. तिकिटावरची वेळ धरतात ती विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत पुन्हा जागेवर लागेपर्यंत. सरळ रेषेत हे अंतर सुमारे २८० किलोमीटर. पाण्याची बाटली हातात येते न येते तोच पट्टा बांधायची सूचना होते. पण चिकलठाण्याला पोचायला एक तास, तिथे दोन तास आधी हजेरी, उतरल्यावर बॅगेची अर्धा तास आराधना आणि पुढे फोर्टपर्यंत मुंबईच्या गर्दीत दीड तास. बेरीज सहा! समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ला पुरा खुला झाल्यापासून मोटारीलाही साधारण तेवढेच लागतात. वंदे भारतला सातेक. विधात्याने मुंबई आमच्यापासून सहा-सात तासांवर ठेवली आहे. उडत जा नाहीतर गडगडत जा.

वंदे भारतचं दुःख वेगळं आहे. ३० डिसेंबर २०२३ला ती सुरू झाली ती जालन्याहून. २०२५मध्ये तिला नांदेडपर्यंत नेलं. मुंबई तेवढीच लांब राहिली. ‘गाडी आमच्याकडून सुटते’ हा रुबाब मात्र गेला. जुन्या मंडळींना याचं काही वाटत नाही. त्यांनी मीटरगेजच्या गाडीने मनमाड गाठून, वळकट्या डोक्यावर घेऊन मोठी गाडी पकडलेली आहे. मुंबईपेक्षा मनमाडचा फलाटच त्यांना लांब वाटायचा.

म्हणजे वेळ जातो तो वाट पाहण्यात. वाट कापण्याचं तेवढं काही नाही. हे सर्वांत आधी ओळखलं ते भंगारवाल्यांनी. परदेशातून जहाजाने आलेलं भंगार न्हावाशेवाला उतरतं, तिथून इथे येऊन वितळतं आणि सळई होतं. कस्टमची कागदपत्रं बंदरावर अडकू नयेत, इथेच उरकावीत, म्हणून डिसेंबर २०१५मध्ये जालन्यात ड्राय पोर्टची पायाभरणी झाली. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, आणि बंदर आमच्या दारात!

भंगाराचा एवढा विचार झाला, आता माणसाचाही व्हावा. तपासणी, शिक्के, बॅग सगळं एमआयडीसीच्या फाटकावर उरकावं आणि माणसाला थेट खिडकीच्या सीटवर नेऊन बसवावं. तोवर कोणी ‘एक तास’ म्हणालाच, तर टपरीवरून विचारावं, ‘हवेतला सांगतोस भाऊ, का घरापासूनचा?’