चिंध्यांचं बोचकं

अहो वहिनी, थांबा! ते बोचकं घंटागाडीत टाकायला निघालात ना? द्या इकडे. कुंपणावरूनच द्या, त्या जास्वंदीला अडकवू नका म्हणजे झालं.

बघू तरी काय काय आहे. अगं बाई, लेकीच्या ड्रेसांची कातरणं, परकराचं पोपलीन, टू बाय टूचे तुकडे, आणि हा चक्क मांजरपाट! हे टाकत होतात? तुमच्याकडे रोज मशीन चालतं आणि मी इथे तुकड्यांसाठी बाजारातल्या शिंप्याच्या पाया पडते. तो मेला आता भाव खायला लागलाय. आधी केरात टाकायचा, आता मी मागते म्हटल्यावर म्हणतो, ‘काकू, पायपुसण्यांना लागतात.’

बसते इथेच कट्ट्यावर, निवडून घेते. तुम्ही तिकडून शेंगा सोला, हात कशाला रिकामे ठेवायचे? आधी सुती एकीकडे, बाकीचं एकीकडे. मुठीत दाबून सोडलं की सुती चुरगळलेलंच राहतं, टेरिकॉट लगेच तोंड सरळ करतं. तरी शंका आली तर एक धागा उपसायचा आणि काडी लावायची. सुताची राख होते, कागद जळल्यासारखा वास येतो. पॉलिस्टरची टणक गोळी होते. गोधडीत ते घालायचंच नाही. घाम टिपत नाही, सुईखालून सटकतं, आणि शेजारचं सुती कापड धुऊन आटलं की हे तिथे फुगून बसतं.

बरं, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या बंगलेवाल्या बाईंनी प्रदर्शनातून गोधडी आणली. केवढं कौतुक! हळदीकुंकवाला सोफ्यावर पसरून ठेवली होती. मी जाता जाता सहज हात फिरवला, तर कुठे शिवणच लागेना. वहिनी, ठिगळं छापलेली! एकच सलग कापड, त्यावर चौकोन छापलेले, आणि चौकोनांच्या कडेनं टाकेसुद्धा छापलेले. मी काही बोलले नाही, आपण कशाला बोला. वाटली डाळ खाल्ली, पन्हं घेतलं आणि आले. तुम्हाला म्हणून सांगते, तुमच्यापाशीच ठेवा.

आमच्या सूनबाईही तशातल्याच. म्हणते, ‘आई, ठिगळं बरी नाही दिसत, पाहुणे येतात.’ म्हटलं, बाई गं, गाडगेबाबा अंगावर चिंध्या-ठिगळं घेऊन महाराष्ट्रभर फिरले, लोक त्यांना गोधडे महाराज म्हणायचे. तुझ्या पाहुण्यांचं काय एवढं? त्यावर गप्प बसली. पण नातू झाला तेव्हा दुपटी कोणाकडून गेली? माझ्याकडून. बाळाच्या अंगाला नवं कोरं कापड टोचतं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं लुगडंच लागतं, हे तिला हॉस्पिटलातून घरी आल्यावर पहिल्या रात्रीच कळलं.

लुगड्याची गंमत बघा. नऊवारीची लांबी आठ मीटरच्या आसपास. तिच्या चार घड्या घातल्या की दोन मीटर लांब, सव्वा मीटरला थोडं कमी रुंद. झाली की एका माणसाची गोधडी! कात्री लावायची गरज नाही, आणि चार पदर आयते. पदरापदरात हवा अडकते म्हणून ऊब. सासूबाई असताना घरात लुगडी निघायची, आता कोण नेसतंय? माझ्या पाचवारीत तेवढं भागत नाही, दोन लागतात. आणि त्यातल्या अर्ध्या जॉर्जेटच्या.

बोहारीण येते ना आपल्या गल्लीत, तिचं माझं मात्र छान जमतं. तिला धड कपडे हवेत, पँट, शर्ट, सिंथेटिक साड्या. म्हणजे पुढे जुन्या बाजारात विकता येतात. फाटकं, विरलेलं सुती ती हातात धरत नाही, बाजूला फेकते. मला नेमकं तेच पाहिजे! मागे एकदा जाऊबाईंनी चांगली इरकल तिला स्टीलच्या डब्यासाठी दिली. डब्याला झाकणसुद्धा घट्ट बसत नाही. इरकलीचे काठ गोधडीच्या चारी बाजूंना लावले असते तर काय दिसली असती! सांगून उपयोग नाही, त्यांना भांडी प्यारी.

हा तुकडा बघा, हा अर्ध्या चंद्रासारखा. ब्लाउजच्या मुंढ्यातून निघालेला. असले फार निघतात आणि बायका पहिल्यांदा हेच टाकतात. चौकोनाच्या मधोमध टाचला की चंद्रकोर तयार. परकराच्या कळ्या कापताना निमुळत्या पट्ट्या उरतात, त्या उलटसुलट जोडल्या की सरळ पट्टा होतो. फक्त उरेप कापलेला तुकडा सांभाळायचा. ओढला की लांबतो आणि मग गोधडीला पोक येतं. नवं कापड असेल तर आधी रात्रभर पाण्यात, आणि लाल असेल तर वेगळ्या बादलीत. नाहीतर पहिल्या धुण्यात सगळी गोधडी गुलाबी.

खरं सांगू? शिवणं नंतरचं. मला खरी मजा येते तुकडे मांडताना. दुपारी जेवणं उरकली की हॉलमधल्या खुर्च्या भिंतीला लावायच्या, खाली अस्तर अंथरायचं, चार कोपऱ्यांवर पितळेचे तांबे ठेवायचे आणि एकेक तुकडा ठेवत जायचं. हिरव्याशेजारी जांभळा. छे, जांभळा मरतोय, तिथे पिवळा. पिवळा कोणाचा? नणंदेच्या डोहाळजेवणाच्या साडीचा, म्हणजे तो धाकट्या दिरांच्या शर्टाशेजारी नको, दोघांचं पटत नाही! हे हसत होते परवा. म्हणाले, ‘सगळं खानदान जमिनीवर झोपवलंयस.’ बाहेर दूधवाला हाका मारून गेला तरी मला पत्ता नाही.

मग कडा आत मुडपायच्या, कच्चा दोरा घालायचा, आणि काठापासून धावदोरा. एक फेरी झाली की तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी. असं फिरत फिरत मध्यापर्यंत. सुईच्या एका टोचणीत तीन-चार टाके घ्यायचे आणि मग दोरा ओढायचा. फार ताणला तर कापड चुण्या धरतं, सैल सोडला तर पायाचं बोट अडकतं. मशीनवर? नाही हो, आठ पदरांत मशीनची सुई मोडते. मोडली नाही तरी गोधडी पुठ्ठ्यासारखी होते.

माझी भाची हल्याळला असते, दांडेलीच्या जवळ. तिकडे सिद्दी बायका हेच काम करतात, कवंदी म्हणतात तिला. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले, पोर्तुगीजांच्या गोव्यातून आत आलेले बरेचसे. बोली कोकणी-मराठी वळणाची, म्हणून भाचीला त्यांच्याशी बोलायला अडचण नाही. त्याही कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेनं मध्यावर येतात, थेट आमच्या मिरजेकडच्या वाकळीसारखं! आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात. त्यांना फुलं म्हणतात. फुलं लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. भाचीनं फोटो पाठवलेत, दाखवते तुम्हाला. काय रंग लावतात त्या, आपण घाबरू असले! लालभडक, निळा, मधेच काळा. मी या खेपेला ती फुलं करून बघणार आहे, तुमचे हे परकराचे त्रिकोण त्यालाच ठेवते.

विकायची? अहो, महिनाभर डोळे फोडून शिवलेल्या गोधडीची किंमत सांगितली की गिऱ्हाईक म्हणतं, ‘जुन्या कापडाची एवढी?’ त्यापेक्षा घरात राहू दे. बिछान्यावर दोघा नातवंडांची ओढाओढ चालते, कोणाच्या वाट्याला आजोबांचा चौकटीचा शर्ट येतो त्यावरून. मोठा म्हणतो माझा, धाकटा त्यावर डोकं ठेवून झोपून जातो.

एवढं मात्र आहे, धुणं कठीण. ओली गोधडी एकटीनं उचलत नाही. दोघींनी दोन टोकं धरून पिळावी लागते, आणि वाळत घालायला हेच कुंपण. तेव्हा तुम्हाला हाक मारणार, आधीच सांगून ठेवते.

बरं, दूध वर आलं वाटतं, जाते. उद्या दुपारी या, चष्मा घेऊन या, मला हल्ली सुई ओवता येत नाही. आणि तुमच्या मशीनखालचा केर काढायच्या आधी पिशवी भरून ठेवत जा. नायलॉन मात्र नको.