एका दिवसाचे पंतप्रधान

मोठ्या माणसाच्या कानावर काही घालायचं तर आधी त्याच्या शिपायाशी, मग पीएशी, जमल्यास पीएच्या मेव्हण्याशी ओळख काढावी लागते, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासाने यातली एकही पायरी न चढता थेट देशाचे पंतप्रधान गाठले. युक्ती साधी होती. स्वतःचाच एक पंतप्रधान नेमायचा.

अर्थात त्याआधी बरंच घडलं होतं. १९५४ साली दादरा-नगर हवेलीतून पोर्तुगीजांना घालवायचं ठरलं, तेव्हा पैशांसाठी सुधीर फडक्यांनी लता मंगेशकरांना गळ घातली. कुणाच्या कानी काय आणि कधी घालावं, हे संगीतकाराला कुणी शिकवायचं? लताबाई पुण्यात हिराबागेत गायल्या, निधी जमला आणि २ ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं.

मोकळं झालं खरं, पण दिल्ली लगेच 'या' म्हणेना. सात वर्षं 'वरिष्ठ पंचायत' या तिथल्या स्थानिक मंडळानेच कारभार हाकला. दिल्लीचाही नाइलाज होता. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं होतं आणि तिथे थेट पेशवाईतले कागद निघाले होते. १७७९च्या तहात पुण्याने पोर्तुगीजांना गावं दिली, की गावांचा नुसता वसूल? ज्या गावांची नावं मुंबईतही फारशी कुणी ऐकली नव्हती, ती आता हेगचे न्यायाधीश ऐकत होते. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला: भारताच्या हद्दीतून फौज नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही.

मग विलीनीकरण. करारावर एका बाजूने नेहरू सही करणार, तर समोरचाही तोलामोलाचा हवा. दादरा-नगर हवेलीचे प्रशासक होते के. जी. बदलानी, सनदी अधिकारी. ११ ऑगस्ट १९६१ला त्यांना एका दिवसापुरतं पंतप्रधान केलं गेलं. एरवी त्यांचा कागद उपसचिव, सहसचिव, सचिव असा टेबलाटेबलावर मुक्काम करत नेहरूंपर्यंत पोचला असता. त्या दिवशी मात्र त्यांनी नेहरूंच्या बरोबरीने सही केली. आणि त्याच सहीने स्वतःची खुर्चीही घालवली. इतक्या झटपट पायउतार झालेला पंतप्रधान मला तरी दुसरा आठवत नाही.

२६ जानेवारी २०२०ला दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली एकत्र झाले, राजधानी दमणला गेली. सिल्वासा आणि दमणच्या मधे गुजरातची वापी. त्यामुळे सिल्वासात हल्ली कुणाचं काम अडलं की तो आधी विचारतो, "काय हो, दमणला कुणी ओळखीचं आहे का?"