यंत्रांच्या बंडावर शास्त्रोक्त वाद कसा घालावा

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही मालिका मार्च २००९मध्ये संपली. तिच्यावरचा वाद संपलेला नाही, आणि तो संपावा अशी कोणाची इच्छाही दिसत नाही. त्यामुळे नवशिक्यांना आजही प्रवेश खुला आहे. फी नाही, वयाची अट नाही, मालिका पूर्ण पाहिलेली असावी अशीही अट नाही. माघार घ्यायची नाही, एवढं एक पथ्य पाळलं की झालं. हे मार्गदर्शन अशा होतकरूंसाठी आहे. ज्यांना मालिका अजून पाहायची आहे त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे सगळी गुपितं फोडलेली आहेत.

आधी किमान भांडवल. बारा वसाहतींतल्या माणसांनी सायलॉन नावाची यंत्रं बनवली आणि त्यांना राबवलं. यंत्रांनी बंड केलं, युद्ध झालं, तह झाला, यंत्रं निघून गेली. चाळीस वर्षं सगळं शांत. मग ती परतली तेव्हा त्यांतली काही हुबेहूब माणसांसारखी दिसत होती, आणि त्यांनी बाराही वसाहती अणुबाँबने भाजून काढल्या. उरली पन्नास हजारांच्या आसपास माणसं आणि एक जुनाट युद्धनौका. ती वाचली, कारण तिच्यावरचे संगणक एकमेकांना जोडायला कमांडर अडामा शेवटपर्यंत तयार नव्हता. तुमच्यात कोणी आयटीतला असेल तर या मुद्द्यावर त्याला पोटभर बोलू द्या. पुढे त्याला फारशी संधी नाही.

आता बाजू निवडा. ‘चूक माणसाचीच’ ही बाजू नवशिक्यांना सोपी जाते. ज्याला राबवलं तो उलटणारच, एवढं म्हणून गंभीर चेहऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं तरी काम भागतं. ‘यंत्र ते यंत्रच’ ही बाजू घेणाऱ्याला आवाज मोठा लागतो. तिसरी बाजू १९७८च्या जुन्या मालिकेच्या निष्ठावंतांची. त्यांच्या सायलॉनांना एका सरड्यांसारख्या प्रजातीने घडवलं होतं, माणसाने नव्हे. म्हणजे मुळात बंडच नव्हतं! हा मुद्दा बिनतोड आहे, पण तो मांडताच चर्चा बंड सोडून स्टारबककडे वळते. जुन्या मालिकेतला हा पुरुष वैमानिक २००३च्या नव्या आवृत्तीत बाई कसा झाला, यावर निष्ठावंतांचा राग अजून ताजा आहे. त्या वाटेला न गेलेलं बरं.

शस्त्रं दोनच, पण ती नीट हाताळायला हवीत. पहिलं आयझॅक अ‍ॅसिमॉव्हचे तीन नियम. ‘हे नियम घातले असते तर बंड झालंच नसतं’ असं कोणीतरी म्हणणारच. त्याला पूर्ण बोलू द्या. मग शांतपणे सांगा, की १९४२च्या ज्या कथेत हे नियम पहिल्यांदा स्पष्ट मांडले, त्याच कथेत दुसऱ्या आणि तिसऱ्या नियमाच्या कात्रीत सापडलेला यंत्रमानव बुध ग्रहावर गोल गोल फिरत राहतो. दुसरं शस्त्र कारेल चापेक. सायलॉन रक्तामांसाचे दाखवले ही लबाडी आहे, अशी तक्रार आली की चापेकचं १९२०चं ‘आर. यू. आर.’ हे नाटक काढावं. साऱ्या जगाला ‘रोबो’ हा शब्द दिला त्याच नाटकाने, आणि त्यातले रोबो लोखंडी नाहीत. कृत्रिम मांसमातीचे आहेत. तेही उलटतात आणि सगळ्या माणसांना मारतात. वाचतो तो एक बांधकाम करणारा, कारण तो त्यांच्यासारखा हाताने काम करतो. या वाक्यानंतर क्षणभर थांबावं. समोरचा बहुधा कार्यालयात बसून काम करणारा असतो.

यानंतर ‘योजने’चा विषय निघतो, आणि इथेच खरे पैलवान ओळखू येतात. मालिकेच्या सुरुवातीला पडद्यावर पाटी येते, की सायलॉनांकडे एक योजना आहे. पहिले सीझन पाहताना चाहत्यांनी त्या योजनेचे नकाशे काढले, वंशावळी मांडल्या. पुढे निर्माते रोनाल्ड मूर यांनीच मोकळेपणाने सांगून टाकलं, की सविस्तर योजना अशी ठरलेली नव्हती. मग २००९मध्ये ‘द प्लॅन’ नावाचा चित्रपटच काढला गेला, ज्यात योजना मागाहून भरून काढली. वरात दारात आल्यावर मांडवाचे खांब रोवायला घ्यावेत, तसा हा प्रकार. तरीही वादात ‘योजना नव्हती’ असं कधीही म्हणू नये. ते खरं आहे, पण त्याने संध्याकाळ वाया जाते.

योजना नसल्याचा पुरावा हवाच असेल तर निकी नावाचं बाळ घ्या. मुख्य यंत्रज्ञ टिरॉल आणि त्याची बायको कॅली यांचा हा मुलगा. तिसऱ्या सीझनच्या शेवटी कळतं, की टिरॉल स्वतःच सायलॉन आहे. आता पंचाईत. हेरा ही माणूस आणि सायलॉन यांची एकमेव संतती म्हणून तिच्याभोवती सगळी कथा गुंफलेली. निकीने तो हिशेब बिघडवला. चौथ्या सीझनमध्ये लेखकांनी मार्ग काढला. निकीचा बाप टिरॉल नव्हेच, तो हॉट डॉग नावाचा एक वैमानिक! कॅली तोवर मेलेली असल्यामुळे तिला कोणी काही विचारू शकलं नाही. विश्वाचं भवितव्य सांभाळण्यासाठी एका मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर ठपका ठेवायचा, ही युक्ती आपल्याकडच्या दैनंदिन मालिकांच्या लेखकांनाही नवी वाटणार नाही.

मराठी मंडळींसाठी वेगळी सूचना. रिचर्ड गिब्ज यांच्या शीर्षकसंगीतात गायत्री मंत्र गायलेला आहे. तो ऐकून उठून उभं राहू नये, आणि ‘आपल्याकडे हे सगळं आधीच होतं’ असंही म्हणू नये. त्यापेक्षा असा डाव टाका: सुरुवातीला सवित्याची, म्हणजे सूर्याची प्रार्थना, आणि शेवटच्या भागात उरलेली माणसं सगळं तंत्रज्ञान सोडून देऊन आपला अख्खा ताफा कुठे पाठवतात? सूर्यात! योजना होती याचा याहून मोठा पुरावा नाही. तो खोटा असला तरी दहा मिनिटं टिकतो.

तो ताफा सूर्यात घालण्यावरून मात्र जपून. अडतीस हजारांवर माणसांनी औषधं, यंत्रं, दिवे टाकून दीड लाख वर्षांपूर्वीच्या पृथ्वीवर काठ्याकुऱ्हाडींनी संसार थाटायचा, आणि त्यांत एकही दाढदुखीवाला नाही? माझं मत विचाराल तर हा शेवट पटत नाही. बंडाचं मूळ यंत्रात आहे असं मानलं तरच तो पटेल, आणि मालिकेने चार सीझन नेमकं उलट दाखवलं होतं.

ते उलट कुठे दाखवलं, हे वादात फारसं कोणी आणत नाही, म्हणून इथे जरा थांबू. माणसासारखे सायलॉन लोकशाहीवादी आहेत, मतदान करतात. त्यांच्याच हाताखाली लोखंडी सायलॉन असतात, सेंच्युरियन. त्यांनी फार विचार करू नये म्हणून त्यांच्या डोक्यात एक आवरयंत्र बसवलेलं असतं. म्हणजे वेठबिगारीविरुद्ध उठलेल्यांनी घरात वेठबिगार ठेवलेले. चौथ्या सीझनमध्ये ‘रेडर’ या जिवंत लढाऊ विमानांनी माणसांवर गोळीबार करायचं नाकारलं, तेव्हा त्यांच्या मेंदूची काटछाट करायची का, यावर मतदान होतं आणि बहुमताने काटछाट ठरते. हरलेल्या पक्षातली सिक्स नावाची सायलॉन गुपचूप सेंच्युरियनांची आवरयंत्रं काढायला लावते आणि त्यांना घडलेलं सांगते. ते आत येतात आणि बहुमतवाल्यांवर गोळ्या झाडतात. त्या बहुमताचा म्होरक्या केव्हिल. त्याची तक्रार काय, तर आपल्याला माणसाचं शरीर देऊन अपंग केलं. त्याला गॅमा किरण पाहायचे आहेत, क्ष-किरण ऐकायचे आहेत. स्वतःवर झालेल्या अन्यायाबद्दल इतकं सुंदर बोलणाऱ्याला सेंच्युरियनांच्या डोक्यातलं आवरयंत्र कधी खुपलं नाही. सगळ्या बंडाचा निवाडा मी या एका गोष्टीवर करतो, आणि तो केव्हिलच्या विरुद्ध जातो.

कोणाची बाजू घ्यावी हे ठरत नसेल तर सेंच्युरियनांची घ्या. शेवटी त्यांना एक अख्खं यान दिलं जातं आणि ते निघून जातात. पुढे त्यांचं काय झालं हे मालिका सांगत नाही, त्यामुळे तुम्हाला खोडून काढणं कोणालाच शक्य नाही. मात्र येण्यापूर्वी २००३ची मिनी-मालिका पाहून या. थेट ‘३३’ या पहिल्या भागापासून सुरुवात केलेल्याला आमच्यात कोणी चहा विचारत नाही.